रडारला दिसले, पुढे काय?

वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवावी, हा विनोद मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. विनोद म्हणून त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु त्याच्या आड एक गैरसमज दडलेला आहे आणि तो धोक्याचा आहे. डॉप्लर रडार शहरात आले तेव्हा पाऊस आगाऊ कळण्याची सोय झाली, आता अंदाज चुकला तर दोष यंत्राचा अथवा यंत्र चालविणाऱ्याचा, अशी समजूत सर्वत्र रूढ होत आहे. हे यंत्र काय पाहते आणि काय पाहू शकत नाही, हे नागरिकांनी व त्याहूनही अधिक कारभाऱ्यांनी समजून घेतल्याखेरीज त्यावरील खर्च सार्थकी लागणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्यास त्याच अवधीत अवघा ७३ मिलिमीटर पडला. एकाच शहराची ही दोन ठिकाणे! उपनगरे बुडत असता दक्षिण मुंबईच्या कचेऱ्यांतील कित्येकांना त्याचा पत्ताही नव्हता. त्या प्रलयात मुंबईत चारशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली. शहराजवळ तेव्हा डॉप्लर रडार नव्हते. पर्जन्यमापक आपल्या तोंडात पडलेले पाणी तेवढे मोजतो. ढग कोठे वाढत आहे आणि कोणीकडे सरकत आहे, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यासाठी दुसरे साधन हवे.

ते साधन चालते कसे? रडार रेडिओ-लहरींचा क्षणिक झोत आकाशात सोडते आणि मग स्वस्थ राहून प्रतिध्वनीची वाट पाहते. ह्या लहरी सेकंदास तीन लक्ष किलोमीटर धावतात. तेव्हा सेकंदाच्या हजाराव्या भागात परतलेला प्रतिध्वनी दीडशे किलोमीटरांवरील थेंबांचा, हे साधे गणित झाले. प्रतिध्वनीच्या जोरावरून पावसाच्या जोराचा अंदाज बांधता येतो. येथवरचे काम दुसऱ्या महायुद्धातील रडारेही करीत. शत्रूची विमाने शोधताना पडद्यावर पावसाचे ठिपके अडथळा म्हणून उमटू लागले, आणि त्या अडथळ्यातूनच पुढे एक शास्त्र उभे राहिले.

डॉप्लर रडारचे वैशिष्ट्य ह्यापुढचे आहे. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी तीक्ष्ण व दूर जाणारीची मंद वाटते, हा अनुभव सर्वांचा आहे. ह्यामागील तत्त्व ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉप्लर ह्यांनी १८४२ साली मांडले. थेंब रडारकडे येत असेल तर परतलेल्या लहरीची कंपने वाढतात, दूर जात असेल तर घटतात. कुलाब्याच्या रडारची लहर सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची, म्हणजे सेकंदास तीन अब्ज कंपनांची. सेकंदास वीस मीटर वेगाने येणारा थेंब त्यात केवळ चारशे कंपनांची भर घालतो! एवढा सूक्ष्म फरक एकामागून एक येणाऱ्या प्रतिध्वनींची तुलना करून टिपला जातो, आणि त्यावरून ढगातील वाऱ्याची गती कळते. चक्रीवादळाच्या वेळी ह्या माहितीचे मोल काय, हे सांगणे न लगे.

परंतु ह्या डोळ्याला मर्यादा आहेत. एक तर वारा आपल्याकडे येतो की दूर जातो, एवढेच त्याला दिसते. आडवा वाहणारा वारा त्याच्या लेखी थांबलेलाच. दुसरे असे की, प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. चार मिलिमीटरांचा एक थेंब दोन मिलिमीटरांच्या चौसष्ट थेंबांइतका प्रतिध्वनी देतो. त्यातील पाणी मात्र आठ थेंबांइतकेच. म्हणून रडारचा आकडा जमिनीवरील पर्जन्यमापकांशी सतत ताडून पाहावा लागतो. तिसरी मर्यादा पृथ्वीच्या गोलाईची. अर्धा अंश वर रोखलेला झोत अडीचशे किलोमीटरांवर पोहोचतो तेव्हा जमिनीपासून साडेपाच-सहा किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याखालचे बुटके पावसाळी ढग त्याच्या नजरेतून निसटतात. शिवाय आमच्या प्रांतात सह्याद्रीची भिंत आडवी उभी आहेच. एक रडार बसविले की सारा मुलूख दिसू लागला, असे होत नाही.

हे ध्यानी घेता, २०२२ च्या जानेवारीत अंधेरी-जोगेश्वरीजवळील वेरावलीच्या टेकडीवर मुंबईचे दुसरे रडार कार्यान्वित झाले, ते योग्यच झाले. त्याची लहर आखूड असल्याने मुसळधार पावसात ती लवकर क्षीण होते, हे खरे. पण वारा दोन कोनांतून पाहता येतो, आणि एक यंत्र बंद पडले तरी शहर आंधळे होत नाही. २००२ साली चेन्नईस बसविलेल्या रडारने देशात ह्या मालिकेचा आरंभ झाला. आज ही संख्या चाळिसांपलीकडे गेली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘मिशन मौसम’साठी दोन हजार कोटी रुपये मंजूर केले, त्यातही रडारांना महत्त्वाचे स्थान आहे.

मात्र खरा प्रश्न ह्यानंतरचा आहे. रडार उद्याचे भविष्य सांगत नाही. ते ह्या क्षणीचे आकाश दाखविते. त्या चित्रावरून पुढील दोन-तीन तासांचा भरवसा देता येतो, क्वचित त्याहूनही कमी. ह्या अल्प अवधीत मिठी नदीकाठच्या वस्त्या हलवावयाच्या की नाही, शाळा सोडावयाच्या की मुलांना तेथेच थांबवावयाचे, लोकल गाड्यांचे काय करावयाचे, हे कोणी ठरवावे? फाइल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाईपर्यंत ते तास संपलेले असतात. अमुक इशारा मिळताच अमुक अधिकाऱ्याने अमुक करावे, असा नियम पावसाळ्यापूर्वीच ठरलेला व जाहीर झालेला असला पाहिजे. आणि त्याप्रमाणे वागणाऱ्याला, पाऊस हुकला तरी, संरक्षण मिळाले पाहिजे.

येथे त्या छत्रीच्या विनोदाची किंमत कळते. इशारा देऊन पाऊस न पडल्यास हसे होते. म्हणून अधिकारी कचरतो, निर्णय लांबतो आणि ज्या दिवशी ढग खरोखरच फुटतो त्या दिवशी तो उशीर गरिबांच्या झोपड्यांना भोवतो. दहा इशाऱ्यांपैकी तीन-चार वाया गेले म्हणून एखाद्या दिवसाची शाळा बुडेल, कामाचा खाडा होईल. चुकलेल्या एका इशाऱ्याची भरपाई मात्र कोणत्याही तिजोरीतून होत नाही. शासनाने नियम करावा, रडारांची दुरुस्ती उन्हाळ्यातच उरकावी, ती चालविणारी कुशल माणसे कमी पडू देऊ नयेत. आणि आम्ही नागरिकांनी फुकट गेलेल्या इशाऱ्याबद्दल हसण्याऐवजी सुटकेचा निःश्वास टाकण्याची सवय लावून घ्यावी.