भाजल्यानंतरचा पाचवा दिवस

सातपुड्याच्या पायथ्याशी अक्कलकुव्यात मी डॉक्टरी करतो. वरच्या पाड्यांवर थंडीत माणसे शेकोटीजवळ निजतात, त्यामुळे भाजलेले रोगी यायचेच. वाचकहो, तुमच्या घरी शेकोटी नसेल. पण दिवाळीत कढईतले तेल आणि अंगणातला भुईनळा तर आहेच ना?

फार भाजलेल्या रोग्याची काळजी मला पहिल्या दिवशी वाटते, तितकीच पाचव्या दिवशीही वाटते. नातेवाईक म्हणत असतात, "वाचला हो डॉक्टर!" आणि नेमकी तेव्हाच जंतूंची पाळी येते.

असे का व्हावे? कातडी म्हणजे किल्ल्याचा तट. तो पडला की शत्रू आत शिरणारच. पण अंगाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाजले, तर आतले शिपाईही खचतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आधी नको तितक्या खवळतात आणि मग सुस्तावतात. जंतू गिळला तरी त्याला मारण्याची ताकद पुरत नाही. जंतूंना पकडणारी प्रतिपिंडे जखमेतल्या पाझराबरोबर वाहून जातात. जळून मेलेल्या कातडीत रक्तच फिरत नाही, मग टोचलेले औषध तरी तिथवर कसे पोचणार?

या दुबळेपणाचा पुरावा मोठा विलक्षण आहे. परक्याची कातडी निरोगी शरीर थोड्या दिवसांत झिडकारते. फार भाजलेले शरीर मात्र ती कितीतरी अधिक काळ धरून ठेवते. परक्याला हाकलण्याचे त्राणच नसते! डॉक्टरांनी त्याचाच उपयोग करून घेतला. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी निघाली. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत दान केलेली कातडी अशा पेढीत साठवतात आणि तिने भाजलेल्यांच्या जखमा झाकतात. रक्तगट जुळावा लागत नाही.

आता घरच्यांसाठी चार शब्द. भाजल्याबरोबर त्या जागेवर २० मिनिटे नळाचे पाणी सोडावे. बर्फ, शाई, तूप, टूथपेस्ट काही लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून इस्पितळ गाठावे. आणि मुख्य म्हणजे, रोग्याला पाहायला दहाजणांनी जाऊ नये. खाटेवर बसणे, अंगावरून हात फिरवणे ही आपली माया खरी. पण त्याच हातांवरून जंतू जातात. माया अनावर झालीच, तर डॉक्टरांना विचारून दूध, अंडी, घट्ट वरण पाठवावे. जखम भरायला आणि नव्या पेशी घडायला प्रथिने लागतात. बाकी चौकशी दारातूनच करावी. रोग्याला तेवढीही पुरते.