रविवारपर्यंत थांबू नका

वाकडच्या टॉवरांमध्ये मुलगा-सून हिंजवडीला कामावर गेले की घरात उरतात ते नातवंडांसाठी लातूर-अकोल्याहून येऊन राहिलेले आजी-आजोबा. एखाद्या सकाळी आजोबा फोन करून सांगतात, “उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालंय.” पलीकडून पहिला प्रश्न येतो, “दुखतंय का?” दुखत नसतं. मग मोतीबिंदू पिकला असेल, रविवारी दाखवू, असं ठरतं.

हा प्रश्नच घात करतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही. त्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी गुठळीने बंद झाली, तरी डोळा लाल होत नाही, टोचत नाही. नजर तेवढी जाते. भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात संशोधन केलेले सोहन सिंग हायरे यांनी माकडांवरील प्रयोगांत दाखवलं, की ही धमनी साधारण चार तास पूर्ण बंद राहिली तर पडद्याची हानी भरून येत नाही. वाकडच्या भूमकर चौकातल्या कोंडीत जाणारा वेळही त्याच चार तासांतला.

मोतीबिंदू एका सकाळी नजर नेत नाही, तो महिनोन् महिने वाढतो. मात्र चांगला डोळा सहज झाकला गेला आणि दुसऱ्याची जुनी अधू नजर तेव्हाच लक्षात आली, असंही होतं. म्हणून नजर आज गेली की आज कळली, हे आधी विचारावं. मग भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभं करून तळहाताने एकेक डोळा झाकायला सांगावं. दोन्ही डोळ्यांना पानाची तीच एक बाजू दिसत नसेल, तर बिघाड मेंदूत असण्याची शक्यता मोठी. आधी वीज चमकल्यासारखं झालं, मग कडेने काळा पडदा सरकत आला, तर डोळ्याचा पडदा सुटत असावा. मधला भाग सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचू शकते. जुन्या मधुमेह्याला काळे धागे आणि धूर दिसू लागला, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. भाकरी चावताना जबडा दुखतो, केस विंचरताना कानशिलाला हात लावू देत नाहीत, तर तिथल्या धमनीचा दाह मनात आणावा. आपल्याकडे तो कमी आढळतो, पण दुसरा डोळाही थोड्या दिवसांत जाऊ शकतो. अशा वेळी धमनीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या अहवालासाठी स्टेरॉइड अडवून ठेवत नाहीत.

सगळ्यांत फसवी असते ती दहा मिनिटांत परत आलेली नजर. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आजोबा चहा मागतात. पण मानेतल्या धमनीतून किंवा अनियमित धडधडणाऱ्या हृदयातून सुटलेली गुठळी पुढच्या वेळी मेंदूत जाऊ शकते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2021 मध्ये पडद्याची धमनी बंद पडणं हा मेंदूच्या झटक्याचाच (स्ट्रोकचाच) प्रकार मानला. बंद धमनीवर खात्रीचा इलाज अजून हाती नाही, हे खरं. तरीही तातडीने तपासण्या झाल्या तर डोळा गेला तरी पुढचा अर्धांगवायू टळू शकतो. चष्म्याच्या दुकानात हे होणार नाही. डोळ्यांचे डॉक्टर आणि मेंदूचं स्कॅन एकाच छताखाली आहेत, असं रुग्णालय गाठावं.

वाकड-थेरगावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यांकडे माझी एक मागणी आहे. नाव-नंबर लिहिण्याआधी काउंटरवर विचारा, “कधीपासून दिसत नाही?” उत्तर “आज सकाळपासून” आलं, तर त्या माणसाला तारीख न देता थेट आत न्या.