पांढरे केस म्हणजे परवाना नव्हे

"हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत." आमच्या घरात हे वाक्य वाद मिटवायला वापरलं जायचं. आजोबा ते एकदा बोलले की अब्बासुद्धा गप्प बसत. मोठ्यांनी चार पावसाळे जास्त पाहिलेत, तेव्हा लहानांनी ऐकून घ्यावं, हा त्यामागचा हिशेब. तो हिशेब नेहमीच चुकतो असं मी म्हणत नाही. पण एका ठिकाणी तो माणसाचा जीव घेऊ शकतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून आज त्याबद्दल लिहितोय. ते ठिकाण म्हणजे स्नोमोबाईलची सीट.

ज्यांनी हे वाहन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, मधे इंजिन आणि वर मोटरसायकलसारखी बैठक. उजव्या अंगठ्याने वेग वाढवायचा, डाव्या हाताने ब्रेक दाबायचा. मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पंचवीस वर्षांपासून राहतो. हे राज्य म्हणजे या वाहनाचं एक माहेरच. पोलारिस कंपनी इथल्या रोझो गावातली. तिच्या संस्थापकांपैकी एडगर हेटीन यांनी १९६० साली अलास्कात हजार मैलांहून लांब प्रवास करून हे यंत्र काय करू शकतं ते दाखवलं आणि पुढे थीफ रिव्हर फॉल्सला आर्क्टिक कॅट उभी केली. आज राज्यभर सुमारे २२,००० मैलांच्या, म्हणजे ३५,००० किलोमीटरच्या वाटा हिवाळ्यात या वाहनांसाठी सपाट करून ठेवल्या जातात. आमच्या गावात डिसेंबर उजाडला की चौदा वर्षांचा पोरगा आणि पंचाहत्तरीचा म्हातारा एकाच वाटेवर असतात.

या राज्याचा एक कायदा आहे. ३१ डिसेंबर १९७६ नंतर ज्यांचा जन्म झाला, त्या रहिवाशांना स्नोमोबाईल चालवण्यासाठी सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याआधी जन्मलेल्यांना नाही. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्येही अशीच रेघ आहे, फक्त ती १ जानेवारी १९८५ ला ओढलेली आहे. म्हणजे सूट मिळालेली आमच्याकडची सगळी माणसं आज पन्नाशीला टेकलेली किंवा तिच्या पलीकडची. कायद्याने मान्यच करून टाकलंय की आमचे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत.

आता माझी गोष्ट ऐका. माझा जन्म १९६४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातला. बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीत घालतात तो, एवढंच मला ठाऊक. आकाशातून पडणारा बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो पस्तिसाव्या वर्षी. चाळिशीत एका सहकाऱ्याकडून जुनी स्नोमोबाईल विकत घेतली आणि त्याच संध्याकाळी चालवली. मला कुणीही, काहीही विचारलं नाही. माझ्या मुलाचा जन्म मात्र इथलाच. चालायला लागला तेव्हापासून हिवाळ्यात खेळलेला. त्याला बाराव्या वर्षी वर्गात बसावं लागलं, परीक्षा द्यावी लागली, मैदानावर चालवून दाखवावं लागलं. जन्मभर बर्फात वाढलेला पोरगा नवशिका, आणि मासळीच्या पेटीतला बर्फ पाहिलेला त्याचा बाप अनुभवी!

माझं उदाहरण टोकाचं आहे, हे मान्य. इथल्या बहुतेक म्हाताऱ्यांनी खरोखरच चाळीस-पन्नास हिवाळे या वाहनावर काढलेत. मग त्यांचं काय? त्यांच्याबद्दलच मला बोलायचंय.

वय वाढतं तसं माणसाचं चालवणं बदलतं, हे आमच्या क्लबात कुणालाही विचारा, हसत हसत सांगतील. विशीत रात्री अकराला निघायचे, ते आता सकाळी नऊला निघतात आणि उजेड असेतो घरी येतात. उभं राहून उड्या मारायचे, ते आता बसून चालवतात. काच उंच हवी, हँडलच्या मुठी गरम हव्यात, इंजिन बटणाने सुरू व्हायला हवं. दर तासाला थांबायचं, कॉफी प्यायची, पाठ मोकळी करायची. बायकोला मागे बसवून संथ फिरायचं. यात वाईट काहीच नाही. मीही तेच करतो. वाईट आहे ते याला दिलेलं नाव. "आता आम्ही शहाणे झालोय" असं म्हणतात. खरं सांगू? यातलं बरंचसं शहाणपण गुडघ्यांचं आहे. गुडघा वाकत नाही म्हणून आम्ही उभे राहत नाही. अंधारात नीट दिसत नाही म्हणून रात्री निघत नाही. शरीराने काढून घेतलेल्या गोष्टी आम्ही आपणहून सोडल्या असं दाखवतो आणि त्यावर अनुभवाचा शिक्का मारतो.

आणि तो अनुभव तरी कशाचा? तीन गोष्टी बदलल्यात.

पहिली, यंत्र. बाँबार्डिये यांची १९५९ ची स्की-डू दहा अश्वशक्तीच्याही आतली होती. सत्तरच्या दशकात ज्यांनी हात बसवला त्यांची यंत्रंही आजच्या मानाने साधी होती. आज १५० अश्वशक्तीच्या पुढची यंत्रं दुकानात उभी असतात. शिवाय त्यांचं सस्पेन्शन इतकं मऊ की वेग अंगाला कळतच नाही. जुन्या यंत्रावर वाट खराब आली की पाठीचा कणा सांगायचा, "हळू घे." नवं यंत्र कण्याला बोलू देत नाही. इथे सरकारी जमिनीवर आणि पाण्यावर ताशी ५० मैलांची मर्यादा आहे. त्या वेगात सेकंदाला बावीस मीटर जातात. साठीच्या डोळ्याला समोरची भेग ओळखायला आणि हाताला ब्रेक दाबायला एक सेकंद जास्त लागला, तर बावीस मीटर फुकट गेले.

दुसरी, शरीर. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, रात्री समोरचा दिवा जास्त टोचतो. अडीचशे किलोच्या आसपासचं यंत्र भुसभुशीत बर्फात रुतलं तर ते उपसायला पाठ आणि काळीज दोन्ही लागतात. आमच्यातले कितीतरी जण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेतात. त्यांच्या डोक्याला बसलेला साधा मार साधा राहत नाही. वाटेवरच्या बारमध्ये थांबायची इथे पद्धत आहे. मी तिथे कॉफीवाला, त्यामुळे ऐकायला मोकळा असतो. "मला पचते, चाळीस वर्षांची सवय आहे" हे वाक्य तरुणांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कायद्याची ०.०८ ची मर्यादा मात्र मोटारीइतकीच इथेही लागू आहे आणि ती कुणाच्या सवयीला विचारत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, तळ्यांवरचा बर्फ. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींमधला सर्वांत उबदार हिवाळा ठरला. "जानेवारीत आमच्या तळ्यावरून ट्रक जातो" हे चाळीस वर्षं खरं असलेलं वाक्य त्या वर्षी खोटं ठरलं. राज्याचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं सांगतं की स्वच्छ, नव्या बर्फावर चालायला किमान चार इंच जाडी हवी आणि स्नोमोबाईलला पाच ते सात. बर्फ पांढरा, दुधाळ असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे. आणि तरीही कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित मानायचा नाही. भोक पाडून मोजायला दोन मिनिटं लागतात. पण ज्याला तळं "माहीत" आहे तो मोजत नाही.

माझ्या शेजाऱ्याने मोजला नाही. वय बहात्तर. या देशात आल्यावर पहिल्या हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ न सांगता उपसून देणारा हाच माणूस. २०२४ चा जानेवारी संपत आला होता आणि हवा मार्चसारखी उबदार होती. जंगलातल्या वाटांवर माती दिसायला लागली होती, म्हणून तो म्हणाला, "तळ्यावरून पलीकडे जाऊ. हे तळं मी तुझ्या लग्नाच्या आधीपासून ओळखतो." मी अंतर ठेवून मागे होतो. ओढा तळ्यात येतो त्या तोंडाशी त्याच्या यंत्राची मागची बाजू खाली बसली आणि बघता बघता तो छातीपर्यंत पाण्यात गेला.

मी आडवा झोपलो आणि सरपटत जमेल तेवढा जवळ गेलो. माझ्या गळ्यात बर्फात रोवायचे दोन टोचे होते, मुलाने हट्टाने घेऊन दिलेले. ते त्याच्याकडे सरकवले. ओरडून सांगितलं, आलास त्या बाजूला तोंड कर, त्या बर्फाने तुझं वजन पेललंय. टोचे रोव, पाय मार, वर आलास की उभा राहू नकोस, लोळत ये. शेवटी दोरीने ओढला. तो वाचला.

हे मला कुठून माहीत होतं? माझ्या अनुभवातून नाही. मुलगा बारा वर्षांचा असताना परीक्षेच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी त्याचं पुस्तक हातात धरून त्याला प्रश्न विचारत होतो. माझं सगळं शिक्षण एवढंच.

पुढच्या महिन्यात क्लबाच्या बैठकीत मी सुचवलं की आपण सगळ्यांनी, जन्मतारीख न बघता, हा अभ्यासक्रम करावा. लोक हसले. सगळ्यात मोठ्याने माझा शेजारी हसला. "नशीब खराब होतं त्या दिवशी," तो म्हणाला.

मिळालेली उत्तरं इथे मांडतो, कारण ती बिनबुडाची नाहीत.

एक जण म्हणाला, बेफाम चालवतात ती तरुण पोरं, त्यांना सांगा. पोरं बेफाम चालवतात हे खरंच आहे. पण म्हणूनच त्यांना वर्गात बसवतात ना? पोरगा चुकला तर आम्ही त्याला बेफिकीर म्हणतो आणि म्हातारा चुकला तर नशीब म्हणतो, हा कुठला न्याय?

दुसरा म्हणाला, या वाटा कोण राखतं? रात्री यंत्र घेऊन वाट सपाट करणारे, पाट्या ठोकणारे, शेतमालकांकडे जाऊन परवानगी मागणारे स्वयंसेवक कोण? आम्हीच म्हातारे. आम्हाला शाळकरी पोरांसारखं वागवलंत तर आम्ही निघून जाऊ. ही गोष्ट मला लागली, कारण ती खरी आहे. या माणसांचं माझ्यावर ऋण आहे. पण ज्याचं ऋण आहे तो बुडू नये म्हणूनच मी बोलतोय. शिवाय पाटी ठोकणाऱ्यालाच पाटी वाचायची लाज वाटत असेल, तर पोरांनी ती का वाचावी?

तिसरा म्हणाला, काही वर्षं थांब, १९७६ च्या आधीचे आपोआप संपतील, कायदा सगळ्यांना लागू होईल. अगदी बरोबर. म्हणजे आम्ही मेलो की प्रश्न सुटेल. हेच तर मला टाळायचंय.

माझं मागणं छोटं आहे. जन्मतारखेची रेघ पुसा. अभ्यासक्रम सगळ्यांना ठेवा आणि साठीनंतर पुन्हा एकदा द्या, त्यात डोळे, औषधं आणि बदललेला हिवाळा यांच्यावर धडा घाला. "वय हा फक्त आकडा आहे" असं म्हणत सत्तरीच्या माणसाला सगळ्यात तगडं यंत्र विकणाऱ्यांचं ऐकू नका. आणि "आता पुरे, घरी बसा" म्हणणाऱ्या सुनांचं आणि मुलांचंही ऐकू नका. म्हाताऱ्यांनी चालवावं, जरूर चालवावं. फक्त आपल्याला काय येतं हे आठवणीवरून ठरवू नये.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. मी गेल्या शरद ऋतूत अभ्यासक्रम पूर्ण केला. घरबसल्या, संगणकावर करता येतो. वळणाच्या खुणांचे दोन प्रश्न चुकले, आणि त्या खुणा मी वीस वर्षं चुकीच्या करत आलो होतो. मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अब्बा, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस."

शेजाऱ्याला मी सांगून टाकलंय, तू अभ्यासक्रम करेपर्यंत मी तुझ्या मागे तळ्यावर येणार नाही. या हिवाळ्यात तो एकटाच गेला. संध्याकाळी त्याच्या गॅरेजचा दिवा लागेपर्यंत मी खिडकीपाशी बसून असतो. आमचं बोलणं बंद आहे. त्याच्या बायकोने मात्र परवा माझ्याकडून त्या अभ्यासक्रमाचा पत्ता लिहून नेला.