डमी कोणाला म्हणावे?

मराठीच्या प्राध्यापकांनी सॉफ्टवेअरच्या पॅकेजांवर का लिहावे, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांना आम्ही आधीच सांगतो, की हा वाद मुळात एका शब्दाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘डमी’.

बोरिवलीतील आमच्या विभागात चार संगणक आहेत. त्यांवर डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम चालते. (ती फुकट मिळते म्हणून आणली, तत्त्वनिष्ठेचा दावा आम्ही करत नाही.) सुट्टीत तिची नवी आवृत्ती चढवली गेली. मग एका उत्साही सहकाऱ्याने पॅकेजांची यादी उघडली, ज्यांच्या वर्णनात ‘डमी’ किंवा ‘मेटा’ असे शब्द दिसले ती सगळी काढली आणि वर ‘अनावश्यक ते आपोआप काढा’ अशी आज्ञाही दिली. एम.ए.च्या चर्चासत्रात विद्यार्थिनीचा निबंध पडद्यावर आला तो चौकटींच्या रांगा होऊन. मजकूर शाबूत होता, फॉन्ट गेले होते. विभागाने निष्कर्ष काढला : लिनक्सला मराठी येत नाही. आमचे भांडण या निष्कर्षाशी आहे. मराठी येत होते. ते आपणच काढले, आणि काढताना वाचले नाही.

मराठीत डमी म्हणजे तोतया. दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणारा, किंवा मते फोडण्यासाठी उभा केलेला उमेदवार. त्याला हाकलायचेच असते. डेबियनच्या परिभाषेतील ‘ट्रान्झिशनल डमी’ मात्र तोतया नव्हे. २०१३ सालच्या ‘व्हीझी’ आवृत्तीपर्यंत तेथील कित्येक फॉन्ट-पॅकेजांची नावे बदलली. ‘टीटीएफ’ने सुरू होणारी नावे ‘फॉन्ट्स’ने सुरू होऊ लागली. ज्याच्या संगणकावर जुने नाव आहे, त्याला नव्याचा पत्ता कसा लागणार? अशा वेळी जुन्या नावाचे एक पोकळ पॅकेज ठेवतात. त्यात ‘मला अमुक नवे पॅकेज हवे’ एवढीच नोंद असते, आणि तिच्या बळावर अपग्रेडच्या वेळी नवे पॅकेज येते. मराठी विश्वकोशात एखाद्या शीर्षकाखाली नुसते ‘पहा’ आणि दुसऱ्या नोंदीचे नाव असते ना, तसेच हे. त्या नोंदीला तोतया म्हटलेले आम्ही ऐकलेले नाही.

विश्वकोशातील ‘पहा’ कायमचे, हे तात्पुरते. नवे आले की जुने नाव खुशाल काढावे. डेबियनच्या प्रकाशन-टिपणांत तसे स्पष्ट सांगितले आहे. पण तीच टिपणे हेही बजावतात की सगळी पोकळ पॅकेजे एका जातीची नसतात. काही राहण्यासाठीच असतात. ‘फॉन्ट्स-देवा’ त्यांपैकी एक. त्याच्या पोटात एक अक्षर नाही, पण लोहित, गार्गी, नकुल, सहदेव हे देवनागरी फॉन्ट त्याच्या बोलावण्यावरून येतात. बोलावणारा गेला की यंत्र विचारते, यांना कोणी मागितले होते? कोणीच नाही, असे दिसले तर तेही ‘अनावश्यक’ ठरू शकतात. म्हणून जे हवे ते ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ या आज्ञेने आधी आपले म्हणून नोंदवावे, आणि काढण्यापूर्वी यंत्र जी यादी दाखवते ती वाचावी.

‘मग काहीच काढू नका’ म्हणणारा दुसरा पक्षही विभागात आहे. पोकळ पॅकेज जागा फारशी खात नाही, हे खरे. पण दोन-तीन अपग्रेडनंतर यादीत मृत नावांची अशी गर्दी होते की कामाचे कोणते आणि उरलेले कोणते हे कळेनासे होते. हा पक्ष आम्हाला पहिल्याइतकाच आळशी वाटतो. दोघांनाही वर्णन वाचायचे नाही.

‘हे लॅबवाल्याचे काम’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. पॅकेजांची वर्णने अन्य भाषांत आणणारा प्रकल्प डेबियनकडे आहे. तेथे प्रोग्रॅमिंग लागत नाही, भाषा लागते. परिभाषेवर दहा गुणांचे प्रश्न काढणाऱ्यांनी या दोन शब्दांपासून सुरुवात करायला हरकत नसावी. ‘ट्रान्झिशनल डमी’ला आम्ही ‘वाटाड्या’ आणि ‘मेटा’ला ‘निमंत्रक’ सुचवतो. ‘वाटाड्या’ फार ग्रामीण वाटतो, असा आक्षेप विभागातूनच आला आहे. तूर्त तीन संगणकांवर फॉन्ट परत बसवले आहेत. चौथ्याची यादी येत्या शनिवारी, आक्षेप घेणाऱ्यांना शेजारी बसवून, वाचायची आहे.