मोटार परगावी धाडताना

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे घरातील सामानाची यादी होते, मुलांच्या शाळेचे दाखले काढले जातात, आणि मग दारात उभ्या असलेल्या मोटारीकडे साऱ्यांचे लक्ष जाते. बेळगावहून इंदूरला, वडोदऱ्याहून हैदराबादला किंवा ग्वाल्हेरहून गोव्याला बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न आता नित्याचा झाला आहे. मध्यम स्थितीच्या घरात मोटार ही घराच्या खालोखालची मोठी खरेदी असते. पुष्कळदा तिच्यावरील कर्जही फिटलेले नसते. म्हणून ती स्वस्तात कशी धाडावी हे विचारताना, ती सुखरूप कशी पोहोचेल हेही त्याच श्वासात विचारले पाहिजे.

पहिला मार्ग स्वतः चालवीत नेण्याचा. बेळगाव ते इंदूर हे अंतर सोयीसाठी ९५० किलोमीटर धरू. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीस सुमारे ६३ लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा भाव १०० रुपये धरल्यास हा खर्च ६,३०० रुपये होतो. त्यात पथकर आणि एका रात्रीचा मुक्काम मिळवावा. चार माणसे त्याच मोटारीने जाणार असतील तर त्यांची रेल्वेची तिकिटे वाचतात, आणि हा मार्ग बहुधा सर्वांत स्वस्त ठरतो. मात्र पगारी चालक ठेवावयाचा असेल, तर त्याची मजुरी, भोजन व परतीचे भाडे धरल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. वृद्ध गृहस्थाने पैसे वाचविण्यासाठी एकट्याने दोन दिवस चाक धरावे, हे आम्हांस मुळीच पसंत नाही.

दुसरा मार्ग मोटारी वाहून नेणाऱ्या ट्रेलरचा. या धंद्याचे एक मर्म ध्यानात घेतले तर भाड्यात बरीच बचत होते. पुण्याजवळील चाकण, चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर, हरियाणातील मानेसर अशा ठिकाणच्या कारखान्यांतून नव्या मोटारी भरून ट्रेलर दूरदूरच्या शहरी जातात. परतताना ते रिकामे राहू नयेत, ही मालकाची निकड असते. त्या परतीच्या वाटेवर आपले गाव असेल व आठ-दहा दिवस थांबण्याची आपली तयारी असेल, तर भाडे उतरविण्यास वाव असतो. उलट, अमुक तारखेस दारातून न्यावी व अमुक तारखेस दारात आणावी असा हट्ट धरला, की भाडे चढते. मोटार स्वतः मोठ्या शहरातील गाडीतळावर नेऊन दिली व तिकडे जाऊन सोडवून आणली, तरी खर्च कमी होतो.

तिसरा मार्ग रेल्वेचा. नव्या मोटारी रेल्वेने पुष्कळ जातात. परंतु त्या मालगाड्या कारखाने घाऊक ठरवितात, एका कुटुंबाच्या एका मोटारीस त्यांचा उपयोग नाही. कोकण रेल्वेने मात्र एक निराळा प्रयोग केला. मालमोटारी रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेण्याची तिची सेवा १९९९ सालापासूनची. २३ ऑगस्ट २०२५ पासून गणेशोत्सवाच्या दिवसांत तिने रायगड जिल्ह्यातील कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी खासगी मोटारींची फेरी सुरू केली. एका फेरीत ४० मोटारींची सोय होती व एका मोटारीस ७,८७५ रुपये पडत. माणसांचे तिकीट निराळे. १६ मोटारी जमल्या नाहीत तर फेरी न सोडण्याची अट होती. वरच्याच हिशेबाने पाहिले, तर तेवढ्या वाटेचे पेट्रोल याहून स्वस्त पडते. तेव्हा या सेवेने पैसे वाचत नव्हते, घाटांतील श्रम व सणाच्या गर्दीतील धोका वाचत होता. कोणता लाभ आपण विकत घेत आहोत, हे आधी ओळखावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. रस्त्याने माल वाहून नेण्यासंबंधी २००७ सालचा कायदा आहे. त्याखालील नियमांप्रमाणे माल हरवला वा बिघडला, तर सामान्यतः वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच राहते. समजा, भाडे १२,००० रुपये ठरले व मोटार ५ लाखांची आहे. ती वाटेत पूर्ण नष्ट झाली तरी त्याच्याकडून १,२०,००० रुपयांपलीकडे मागणे कठीण! अधिक जोखमीचा वाढीव दर लेखी ठरवून तो भरण्याचे कबूल केले, तरच ही मर्यादा सुटते. म्हणून मोटारीची किंमत बिल्टीवर लिहून घ्यावी आणि वाढीव दर विचारावा. आपला विम्याचा कागदही उघडून पाहावा. पूर्ण विम्याच्या प्रचलित नमुन्यात रस्त्याने वा रेल्वेने नेताना होणारी हानी समाविष्ट असते; केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर तो येथे निरुपयोगी होय. नुकसान झालेच, तर बिल्टीच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदारास लेखी सूचना द्यावी लागते.

दूरध्वनीवरून निम्मे भाडे सांगणारा पुष्कळदा वाहतूकदार नसून दलाल असतो. आगाऊ रक्कम घ्यावयाची, मोटार कोठल्यातरी गोदामात उभी करावयाची आणि मग निरनिराळ्या नावांखाली पैसे मागावयाचे, अशी फसवणूक पुष्कळांच्या वाट्यास आली आहे. यासाठी तिघांकडून लेखी दर घ्यावेत, नोंदणी क्रमांक मागावा, आणि सगळे पैसे आधी देऊ नयेत. मोटार देताना चारी बाजूंची व किलोमीटरच्या आकड्याची छायाचित्रे घ्यावीत. टाकीत थोडेच पेट्रोल ठेवावे. घरचे सामान आत भरू नये. नोंदणीचे मूळ पुस्तक न देता नक्कल द्यावी. मोटार परत घेताना उजेडात नीट न्याहाळावी, आणि ओरखडा दिसल्यास तो पावतीवर नोंदवून मगच सही करावी.

एक हिशेब आणखी राहतो. परराज्यात मोटार बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर तेथे नवी नोंदणी करावी लागते. जुन्या कार्यालयाचा ना हरकत दाखला, कर्ज असल्यास बँकेची संमती आणि नव्या राज्याचा कर, हे सारे त्यात येते. जुन्या राज्याकडून उरलेल्या मुदतीचा कर परत मागता येतो, पण त्यास खेपा घालाव्या लागतात. मोटार बारा-तेरा वर्षांची असेल, तर भाडे, कर व दुरुस्ती यांची बेरीज तिच्या किमतीशी ताडून पाहावी. पुष्कळदा येथेच विकून तिकडे दुसरी घेणे हेच शहाणपणाचे ठरते. ममतेपोटी हा हिशेब टाळू नये.

सारांश, एका कागदावर तिन्ही मार्गांचे पूर्ण खर्च शेजारी शेजारी मांडावेत, आणि प्रत्येकापुढे नुकसान झाल्यास आपल्या पदरी काय पडेल तेही लिहावे. भाड्यात वाचलेले दोन हजार रुपये कोणाच्याही डोळ्यांत भरतात. परंतु त्या दोन हजारांसाठी पाच लाखांची वस्तू बिनपावतीच्या हवाली करणे, याला काटकसर म्हणत नाहीत.