5,000 च्या आतली चोरी आणि आपली केबल



रब्बीची पाणी सुरू झाली की रात्रीची राखण दोघांसाठी करावी लागते. एक रानडुकरं, दुसरे केबलचोर. रानडुकराला कायदा कळत नाही. केबलचोरांना मात्र नवा कायदा आपल्यापेक्षा लवकर कळला की काय, अशी शंका येते. म्हणून आज खत-पाणी बाजूला ठेवून जरा कलमांबद्दल लिहितो.

1 जुलै 2024 पासून 1860 ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. जुनं 379 म्हणजे चोरी, हे गावात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. आता चोरीचं कलम 303. शिक्षा पूर्वीसारखीच, 3 वर्षांपर्यंत. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान 1 ते कमाल 5 वर्षं सक्तमजुरी. इथपर्यंत ठीक.

पण त्यात एक नवी मेख आहे. चोरलेल्या मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. याला माझा विरोध नाही. कुणी पोटासाठी चार कणसं तोडली म्हणून त्याला तुरुंगात घालून कुणाचं भलं होणार? गावच्या शाळेचं अंगण झाडू दे, बरंच आहे.

खरी गोम पुढे आहे. 5,000 च्या आतली चोरी आता अदखलपात्र झाली. आपल्या भाषेत एनसी. पूर्वी चोरी कितीचीही असो, ती दखलपात्र होती. आता एनसी म्हणजे पोलीस वहीत नोंद घेणार आणि आपल्याला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगणार. त्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. हातात पाण्याची पाळी असताना कोण शेतकरी तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढणार?

आता शेतातून काय जातं ते बघा. विहिरीवरची केबल, स्टार्टर, फ्यूज, स्प्रिंकलरचे पितळी नोझल, ठिबकचे व्हॉल्व्ह. समजा जुन्या केबलची किंमत कुणी 4,000 धरली. चोर तर ती जाळून तांबं भंगारात घालणार, त्याला त्याहून कमीच मिळणार. पण इकडे हरभरा घाटे भरायच्या अवस्थेत, नाहीतर गहू 21 दिवसांचा, मुकुटमुळं फुटायच्या वेळेला. तेव्हाच पाणी चुकलं तर उत्पन्नात जी घट येते ती 4,000 मध्ये मावते का? कायदा केबल मोजतो, करपलेलं पीक मोजत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

गंमत म्हणजे याच कायद्यात जनावरांच्या बाबतीत उलटं आणि चांगलं झालं. जुन्या 429 मध्ये गाय-बैल-म्हैस अशी ठराविक जनावरं सोडली तर बाकीच्यांना 50 रुपये किमतीची अट होती. आता कलम 325 मध्ये कोणतंही जनावर मारलं किंवा जायबंदी केलं तर 5 वर्षांपर्यंत शिक्षा, किंमत विचारायची नाही. शेळीची किंमत विचारत नाही, मग पाण्याच्या केबलची का विचारता?

तोवर हातात आहे ते वापरा:

1) बिलं जपा. मोटार, केबल, स्टार्टर, ठिबक सगळ्यांची. बिलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. तक्रारीत किंमत अंदाजे सांगू नका. गेलेली प्रत्येक वस्तू वेगळी लिहा आणि एकूण बेरीज करा.

2) चोरी कुठून झाली ते नीट लिहा. माल ठेवायच्या खोलीतून किंवा राहत्या घरातून चोरी झाली तर कलम 305 लागतं. शिक्षा 7 वर्षांपर्यंत, आणि तिथे 5,000 ची अट नाही. शक्य ते सामान खोलीत ठेवायचं हे आणखी एक कारण.

3) कलम 326 वाचा. शेतीचा पाणीपुरवठा कमी होईल असं नुकसान मुद्दाम केलं तर 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. केबल तोडली की पाणी बंद होणार हे चोराला माहीत असतंच, म्हणून हे कलम लावायची मागणी तक्रारीतच करा. टिकेल की नाही ते कोर्ट बघेल. पण एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला, तरी पूर्ण प्रकरण दखलपात्र धरलं जातं. ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 मध्ये आहे.

4) "आमची हद्द नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर 3 दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदच घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा.

कृषी खात्यातली आणि विद्यापीठातली जी मंडळी हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. पीक कोणत्या अवस्थेत होतं, पाणी किती दिवस तुटलं, घट किती येऊ शकते, हे एका कागदावर लिहून दिलंत तर शेतकऱ्याच्या तक्रारीला वजन येईल. पंच म्हणून सही करणारे गावात भरपूर असतात. पीक वाचू शकणारा माणूस मात्र पंचनाम्याला क्वचितच सापडतो.

आणि आमदारांसाठी. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीने त्यात दुरुस्ती करता येते. सिंचनाच्या साहित्याची चोरी, किंमत काहीही असो, दखलपात्र करा. शिक्षा वाढवा असं मी म्हणत नाही. पहिल्यांदा चुकलेल्या पोराला समाजसेवाच द्या. पण तपास तर होऊ द्या! तपासच झाला नाही तर चोर सापडणार कुठून, आणि समाजसेवा करणार कोण?

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. तुमच्याकडे एनसीवर बोळवण झाली असेल तर ठाण्याचं नाव न लिहिता खाली सांगा, काय गेलं आणि किंमत किती धरली.