डायलिसिसच्या तक्त्यातील एक रकाना

काही वर्षांपूर्वी इंदूरमधील माझ्या एका वयोवृद्ध मराठी रुग्णाचे वजन दोन डायलिसिसच्या मधल्या काळात एकाएकी चार-चार किलोंनी वाढू लागले. मी मीठ-पाण्याच्या पथ्यावरून त्यांना चांगलेच सुनावले. ते निमूटपणे ऐकत राहिले. पुढे त्यांच्या पत्नीकडून कळले, की शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ वारले होते. आम्ही कोणीच ते सांगितले नव्हते. काकांनी ते रिकाम्या खाटेवरून ओळखले. रात्री झोप येईना, तेव्हा ते उठून पाणी पीत बसत. "आता पथ्य कोणासाठी पाळायचे?" असे घरी म्हणत. माझ्या तक्त्यात वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सारे होते. या वाक्यासाठी मात्र रकाना नव्हता.

हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंड रुग्णासाठी वापरले. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या शंटमुळे दीर्घकाळ डायलिसिस शक्य झाले. आयुष्य वाढले, पण त्या आयुष्याची प्रत काय, हा प्रश्न उरला. आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास यंत्राशी जखडून राहणे, मोजून पाणी पिणे, शहाळे-केळे वर्ज्य, अंगाला कंड, घरी परतल्यावरचा थकवा आणि आपण घरच्यांवर ओझे झालो आहोत ही बोचणी! या रुग्णांत किमान पाचांपैकी एकाला नैराश्य ग्रासते. मग पथ्य सुटते, डायलिसिस चुकते, मृत्यूचा धोकाही वाढतो. परंतु अन्नावरची वासना उडणे, निद्रानाश, ग्लानी ही लक्षणे मूत्रपिंडविकाराचीही असल्याने आपण ती त्याच्याच खाती मांडून मोकळे होतो.

"एवढा आजार म्हटल्यावर मन खचायचेच," असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतात. मला हे मान्य नाही. जयप्रकाश नारायण १९७५ पासून अखेरपर्यंत डायलिसिसवर होते. त्याच काळात, १९७७ च्या निवडणुकीत, त्यांनी विरोधकांना एकत्र आणले. प्रत्येकजण जयप्रकाश नसतो हे खरे. पण जगण्याला प्रयोजन असले, तर यंत्राची सोबत सुसह्य होते. नातवाचा अभ्यास घेणे, सकाळची पूजा, दुकानाचा हिशेब, एवढे प्रयोजनही पुरते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की तक्त्यात एक रकाना वाढवावा. महिन्यातून एकदा दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या पंधरवड्यात मन उदास किंवा निराश राहिले का? नेहमीच्या गोष्टींतला रस, आनंद उणावला का? उत्तर 'होय' आले, तर सविस्तर तपासणी करावी. समुपदेशन आणि मूत्रपिंडाचा विचार करून बेताने दिलेली औषधे यांचा उपयोग होतो. आणि शेजारची खाट रिकामी झाली, तर चार शब्दांत खरे सांगावे.

येथे आपल्या मंडळालाही काम आहे. आपले वयस्क मराठी रुग्ण पोटदुखी हिंदीत सांगतात. मनातले मात्र मायबोलीतच सांगू शकतात. आपल्यापैकी एकेकाने आठवड्यातला एक तास डायलिसिस कक्षातील खाटेशेजारी बसण्यासाठी द्यावा. त्या तासात नाडी पाहू नये, अहवाल वाचू नये, फक्त ऐकावे. त्या काकांसाठी मी तो तास वेळेवर दिला नाही.